देवराव सरांचा सुडो

हळदीच्या गोदामात काम केलं की अंगावरची पिवळी धूळ घरापर्यंत येते. आमच्या कॉम्प्युटर रूमचे किस्सेही तसेच. चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, देवराव सरांचं सांगा की!" सर आमचा सर्व्हर सांभाळायचे. कमांडच्या आधी 'सुडो' लिहिलं की मशीन तुम्हाला मालक समजतं, पण तो अधिकार सरांनी फक्त स्वतःकडे ठेवला होता.

*

वजनकाट्यावरचे शकीलभाई नवीन होते. प्रिंटर चालेना म्हणून त्यांनी सुडो मारून बघितलं. मशीननं इंग्रजीत फटकारलं: तुमचं नाव यादीत नाही, हा प्रकार कळवला जाईल.

शकीलभाईंचा चहा हातातच राहिला. "कळवणार कोणाला हो?"

"मला," मागून सर म्हणाले.

सर तर सकाळीच कळमनुरीला गेले होते. आत कधी आले, कुणालाच दिसलं नाही!

*

एकदा मॅनेजर साहेब अडूनच बसले. "गोदाम मी चालवतो, मग मला अधिकार काहून न्हाई?" सरांनी एका दुपारपुरता दिला. साहेबांनी मशीनवरची प्रत्येक फाइल स्वतःच्या नावावर करून टाकली. मग एकेक स्क्रीन गप्प होत गेली. दिवे चालू, पंखे चालू, पण मशीन कुणालाच ओळखेना. साहेबांनाही नाही!

"मालक झालात, बराबर," सर म्हणाले. "आता आत येऊन दाखवा!"

*

अधिकार मीही मागितला होता. सरांनी मला शेजारी बसवलं आणि मशीनला विचारलं, मी कोण? उत्तर आलं, देवराव. तोच प्रश्न त्यांनी सुडो लावून विचारला. आता देवराव नव्हताच, 'रूट' नावाचा भलताच कुणीतरी होता.

"बघा, माणूस गेला," सर हळूच म्हणाले. "तुमाला देतो, मॅडम. हंगाम सरू द्या."

*

हंगाम सरायच्या आत सरच गेले. बाळापूरच्या रस्त्यावर, मोटारसायकलच्या अपघातात. फार वाईट वाटलं. त्यांची स्क्रीन उघडीच राहिली होती, ती बंद करायला कुणाचा हात धजेना.

मग पावत्यांचा प्रोग्राम अडकला. बाहेर हळद न्यायला आलेले ट्रॅक्टर उभे, आणि आत सुडो सरांचा पासवर्ड मागतोय. सकाळभर आम्ही सुचेल ते टाकून बघितलं, एकही लागला नाही. नांदेडहून आलेल्या दुरुस्तीच्या माणसाला एकच इलाज येत होता: "सगळं पुसून नवीन टाकू." जेवायच्या सुट्टीत मी खोलीला कुलूप लावलं, किल्ली माझ्या पर्समध्ये.

कुलूप काढत होते तेवढ्यात सरांच्या मिसेस, सुमनताई, धापा टाकत आल्या. "त्यांचं एवढ्या वर्षांचं केलेलं पुसू नका हो! मला बसू द्या. पोरीचं नाव टाकून बघते."

त्या सरांच्या खुर्चीवर बसल्या. मी सांगत गेले, त्या एकेक अक्षर दाबत गेल्या. आधी सुडो, मग अधिकाराच्या यादीत माझं नाव.

"आता तो पासवर्ड विचारेल," मी म्हटलं.

विचारलाच नाही. माझं नाव सरळ यादीत चढलं.

"काय झालं?" सुमनताईंनी विचारलं.

"ताई, कुणी बरोबर पासवर्ड टाकला की मशीन थोडा वेळ पुन्हा विचारत नाही," मी कसंबसं म्हणाले. "पण खोलीला तर कुलूप होतं."

सुमनताईंनी खुर्चीच्या हातावरून हळूच हात फिरवला.

"म्हंजे, हे आत्ताच उठून गेले व्हय?"