चारदाश आणि माझं पिवळं जॅकेट

वाईटपणा घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून शेजारच्या आजींना मी आठवले. त्या हंगेरियन, मी पुण्याची, युनिव्हर्सिटी संपल्यावर इथे परदेशात, मॉसन लेक्स या उपनगरातच राहिलेली. आमच्या घरांमध्ये एकच कुंपण, आणि त्यावरून त्यांची पापरिका, म्हणजे लाल मिरचीची पूड, आणि माझा काळा मसाला यांची ये-जा चालायची. बऱ्याच महिन्यांच्या बंदीनंतर त्यांच्या हंगेरियन मंडळाचा नाचाचा कार्यक्रम ठरला होता. स्टेजवर कलाकारांनी नाचायचं, प्रेक्षकांनी मात्र खुर्ची सोडायची नाही, असा तेव्हा आमच्याकडे नियम होता. तो पाळला जातोय ना हे बघायला एक कोविड मार्शल लागायचा.

"आमची माणसं शेवटी उठून नाचतातच," आजी म्हणाल्या. "तू दटावून बसव. मी उठले तर मलासुद्धा."

दटावणं मला छान जमतं. घरी मला हवालदारच म्हणतात. मी लगेच हो म्हटलं.

कार्यक्रमानंतरच्या सोमवारी त्यांचे यजमान, आमचे आजोबा, वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये कायमचे राहायला जाणार होते. स्ट्रोकनंतर त्यांना उठवणं-बसवणं आजींच्याने होत नव्हतं, आणि तिथे भेटायचं ते मास्क लावून, लांबून. आजी यावर एकदाच बोलल्या, तेही पापरिकाची पुडी बांधता बांधता. "जायच्या आधी त्याच्याबरोबर एकदा नाचायला हवं होतं. राहिलं." मी उगीचच मसाल्याचा डबा पुसत राहिले.

कार्यक्रमाला मी मार्शलचं पिवळं जॅकेट घालून भिंतीला टेकून उभी राहिले. बुटांवर फटाफट तळवे मारत मुलं अशी उडत होती की स्टेजच्या फळ्यांची मला काळजी वाटली. मुलींचे घागरे गरगरत होते. व्हायोलिनवाला स्वतः म्हातारा, पण नाचणाऱ्यांच्या पायांवरून त्याची नजर हलत नव्हती. प्रेक्षक शहाण्यासारखे बसले होते. टाचा तेवढ्या जमिनीवर आपटत होत्या, आणि टाचांबद्दल नियमात काही नव्हतं.

शेवटी व्हायोलिनवाल्याने एक चाल सुरू केली आणि सगळ्या माना आजोबांकडे वळल्या. या लोकांत जुन्या नाचणाऱ्याची स्वतःची अशी एक चाल असते. ती वाजली की त्याने उठायचं, ही रीत. आजींनी हे मला मागेच सांगितलं होतं. आजोबा खुर्चीच्या पाठीला धरून उठलेच. मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मी तरातरा गेले, त्यांचा दंड धरला आणि खुर्चीकडे वळवण्याऐवजी त्यांना हळूहळू स्टेजच्या पायऱ्या चढवल्या.

"हे कलाकार आहेत," मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं. "कलाकारांना परवानगी आहे."

आजी मात्र खुर्चीतच, हात घट्ट गुंफून, स्वतःच सांगितलेला नियम पाळत बसल्या होत्या. मला रागच आला. "तुम्हाला काय वेगळं आमंत्रण हवंय का?" मी म्हटलं. तशा त्या आल्या.

आजोबांचे हात आजींच्या कमरेला, आजींचे हात त्यांच्या खांद्यांवर. थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे. चारदाश हा त्यांचा नाच असा संथ सुरू होतो आणि मग वेग घेत घेत उधळतो. तो उधळला की आजोबांचे पाय काय करणार? मी पायरीशीच थांबले. पण व्हायोलिनवाला त्यांच्या पायांकडे बघत होता. चाल संपत आली की तो ती पुन्हा पहिल्यापासून संथच उचलायचा. सगळा हॉल वेगाची वाट बघत होता आणि तो काही वेग घेईना. आजींनी डोळे मिटून घेतले होते. मला इतकं बरं वाटत होतं की रडू आलं. मास्कचा तेवढा एक फायदा.

वाजवणं थांबलं तेव्हा आजोबा धापा टाकत व्हायोलिनवाल्यावर हंगेरियनमध्ये डाफरले. त्याने हसून उत्तर दिलं. मी आजींकडे पाहिलं.

"फास्ट पार्ट का नाही वाजवला, विचारतोय," त्या म्हणाल्या. "आणि तो म्हणतोय, फास्ट पार्ट पुढच्या वर्षी."

सोमवारी आजोबांना गाडीत बसवायला मी गेले. आजींनी पट्टा लावून दिला आणि त्यांची कॉलर नीट केली, ती बराच वेळ नीट करत राहिल्या. गाडी निघताना आजोबांनी काच खाली घेतली.

"मार्शल," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी फास्ट पार्ट आहे. नक्की ये. आणि ते पिवळं जॅकेट घरी ठेव."