न पडणारी पाल

राघोत्तमरावांच्या घरी कॅलेंडर उलटं टांगलेलं असतं. तारखा भिंतीकडे आणि मागचा तक्ता माणसांकडे. अंगावर पाल, त्यांच्या बोलीत पल्ली, कुठे पडली तर काय फळ, हे त्या तक्त्यात छापलेलं आहे. नुंगंबाक्कमच्या एका ऑफिसात छत्तीस वर्षं कारकुनी केलेला हा तंजावरी मराठी माणूस. छापील अक्षरावर त्यांचा भारी जीव. डोक्यावर पडली तर कलह, उजव्या खांद्यावर जय, पावलावर प्रवास. इमारतीत कुणावरही पाल पडली की ते माणूस आधी यांचं दार ठोठावतं. फळ काहीही निघो, राघोत्तमराव शेवटी सांगतात, आधी अंघोळ.

अशा माणसाच्या पोटी संयुक्ता जन्मली आणि तिने काचेच्या पेटीत परदेशी पाल पाळली. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जाड शेपूट. नाव मंजळ, म्हणजे तमिळमधली हळद. राघोत्तमराव आठवडाभर मुलीशी बोलले नाहीत. मग तिने सरकारी नोंदणीचा कागद दाखवला, तेव्हा जरा नरमले. रीतसर कागद असलेल्याला घराबाहेर कसं काढायचं?

पुढे संयुक्ताला कोइंबतूरला नोकरी लागली. तिथल्या हॉस्टेलात मंजळला जागा नव्हती.

"अप्पा, तुम्ही तिला हातात घ्याल तर ती इथे राहील," ती म्हणाली. "नाहीतर रविवारी वेंकट नेईल." वेंकट गिंडीच्या कारखान्यातला तिचा मित्र, त्याच्याकडे अशा तीन आहेत.

पालीला हात लावायच्या नुसत्या विचाराने त्यांच्या अंगावर काटा येई. पण त्यांना दुसरीच धास्ती होती. आईबापाला 'जेवलात कां' विचारायला दोन मिनिटं पुरतात. मंजळने किती किडे खाल्ले, कात टाकली कां, हे विचारायला अर्धा तास लागतो. पाल गेली की फोनही आटणार, आणि ते त्यांना सोसवणार नव्हतं.

सोमवारी सराव सुरू झाला. बोट लागलं, अंघोळ. शेपूट लागली, अंघोळ. चिमट्याने किडा भरवला; चिमट्यातून विटाळ चढतो की नाही याची शंका, म्हणून अंघोळ. बुधवारी पाच अंघोळी झाल्या. टँकरच्या पाण्यावर जगणारी ती इमारत. त्यांची बायको कृष्णवेणीबाई बादली पालथी घालून न्हाणीच्या दारातच बसल्या.

"हे बघा, पल्ली ठेवा नाहीतर पाणी ठेवा. दोन्ही नक्को."

राघोत्तमरावांना शिंका आवरेनात. शनिवारी ताप भरला.

रविवारी वेंकट मंजळला न्यायला डबा घेऊन हजर झाला. संयुक्ताची बॅग दाराशी होती. ती डोळे पुसत पेटी उघडायला वाकली, तसे राघोत्तमराव मफलर सावरत उठले.

"थांब. मी काढतों."

त्यांनी तळहात आत ठेवला आणि डोळे मिटले. मंजळने बोटं चाटून पाहिली, हातावर चढली, दंडावरून सावकाश वर गेली आणि उजव्या खांद्यावर बसून स्वतःचा डोळा चाटू लागली. कृष्णवेणीबाई सवयीने न्हाणीकडे पळाल्या आणि बादली पालथी घालून दार अडवून उभ्या राहिल्या.

राघोत्तमराव मात्र कॅलेंडरपुढे गेले. चष्मा चढवून तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, मग वेंकटला तमिळमध्ये विचारलं, "ही भिंतीवर चढते कां रे?"

"नाही, अंकल. हिचे पाय चिकटत नाहीत. ही जमिनीवरचीच."

"म्हणजे छतावरून पडायची नाही?"

"तिथे पोचेल तेव्हा ना."

सहा दिवसांच्या अंघोळी त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. मग त्यांनी बायकोकडे वळून कारकुनी निकाल दिला.

"तक्ता पडलेल्या पल्लीचा आहे. स्नानही पडलेलीचंच. चढलेलीबद्दल इथे एक अक्षर नाही."

कृष्णवेणीबाईंनी बादली सुलटी केली. वेंकटने डब्याचं झाकण लावलं. संयुक्ता पुढे आली, पण राघोत्तमराव खांदा हलू न देता म्हणाले, "सहाला जेवते ना ही? मग फोन सहालाच कर. किती किडे दिले ते कुणाला तरी सांगायला हवं मला."