घंटेचं गोणपाट

उपवासकाळातली पहिली पहाट. चर्चची घंटा वाजली, पण तिचा नेहमीचा खणखणीत टोल नाही, नुसतं धप्प धप्प. तिरमिरीत गेलो. घंटा वाजवणारे फिलीपकाका दोर धरून उभे होते. वर लोलकाला गोणपाट गुंडाळलेलं.

"हे काय, काका?"

"लोकांचा अर्ज आला. झोपमोड होते म्हणे."

डोकंच फिरलं माझं. देव हाका मारतोय, जागे व्हा, मागे फिरा. आणि यांना झोप प्यारी! बायबलातल्या निनवे शहरानं पश्चात्तापाची हाक ऐकून स्वतःच्या अंगावर गोणपाट घेतलं. यांनी ते हाक मारणाऱ्याच्याच तोंडात कोंबलं!

"कोणाकोणाच्या सह्या आहेत त्या अर्जावर?" मी ओरडलो.

काकांनी दोर सोडला नाही.

"तिसरी तुझीच आहे, बाळा. दारात उभा राहून, जांभई देत केली होतीस."