हिरामावशीचं खारं शेत

मांडव्याला बोटीतून उतरलो आणि जेट्टीवरच मावसभाऊ सुधाकरचा फोन आला. "दादा, आई गेली... सकाळी चहा घेतला, खाटेवर जरा आडवी झाली ती उठलीच न्हाय." मी तिच्याकडेच निघालो होतो. आदल्या संध्याकाळी हिरामावशीने फोनवर बजावलं होतं, "तळ्यातला जिताडा काढायचाय. पोट रिकामं ठेवून ये. डॉक्टरनं कमी खा सांगितलंय, असलं कायबाय मला ऐकवू नको." घरी पोचलो तर पडवीत बायका रडत होत्या आणि मध्येच तिची एखादी आठवण निघाली की पदर तोंडाला लावून हसतही होत्या. दीड महिना झाला त्याला, पण तिच्याबद्दल बोलताना अजून तसंच होतं.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न होऊन खाडीकाठच्या गावात आली. सासरची शेती खारजमिनीतली, म्हणजे बांधाच्या अलीकडे भात आणि पलीकडे भरतीचं पाणी. आम्ही मुलं मे महिन्यात तिच्याकडे जायचो, लालसर तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन बांधावर हुंदडायचो. तेव्हा घरटी एक माणूस बांधाला चिखल लावायला जाई. पुढे पुरुष कंपन्यांत लागले, शिफ्टा सुरू झाल्या आणि बांधाकडे बघायला कुणाला वेळ उरला नाही. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका उधाणाला तो फुटला. खाडी थेट शेतात आली. पुढच्या उन्हाळ्यात जमीन मिठाने पांढरी पडली आणि त्यानंतरच्या पावसात लावलेलं भात पिवळं होऊन बसलं.

देवळात बैठक भरली, तिथे मी होतो. एक म्हणाला, खाडीतून माल नेणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी बांध खाल्ला. दुसरा म्हणाला, समुद्रच वर चढायला लागलाय. तिसऱ्याने नव्या रस्त्याला दोष दिला, कारण त्याच्या भरावाने पाणी बाहेर सोडणारी मोरी बुजली होती आणि पावसाचं गोडं पाणी खार घेऊन शेतातून वाहून जातच नव्हतं. आवाज चढले. मावशी भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सगळ्यांचं खरं हाय. शेत एकट्यानं कुणी मारलं न्हाय. बांध आपण सोडला म्हणून लाट आत आली, मोरी बुजली म्हणून खार आतच राहिला. मंग भांडताय कशाला? जे आपल्या हातात हाय, तिथनं धरू."

घरी मात्र सुधाकर अडून बसला होता. बंगल्यासाठी जागा बघणारे येत होते, आणि त्याला विकून मोकळं व्हायचं होतं. "खारात काय पिकणाराय आई?" मावशी तांदूळ निवडत म्हणाली, "ते भराव टाकतील. मंग आपलं पाणी जाईल शेजारच्या शेतात. त्याचं शेत मी मारू व्हय?" सुधाकर उठून बाहेर गेला.

मग तिने गावातल्या बायका जमवल्या. सुट्टीच्या दिवशी पुरुषही येऊ लागले. खाडीचा चिखल, पेंढा, दगड... एका रविवारी मीही गेलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. मावशी पोट धरून हसली. "ऱ्हाऊ दे त्याला तसाच, मुंबईचा खांब हाय, बांधाला टेकू व्हईल." बांधाबाहेरची कांदळं, म्हणजे खारफुटीची झाडं, तोडू म्हणणाऱ्यांना तिने अडवलं. लाट आधी ती अंगावर घेतात, म्हणाली. मोरीसाठी कचेरीत खेटे घालून काही होईना, तेव्हा तिने तिथल्या साहेबांना जेवायलाच बोलावलं. साहेब आले, कोळंबीचं कालवण दोनदा मागून घेतलं. मग मावशी त्यांना शतपावलीच्या निमित्ताने थेट बुजलेल्या मोरीपाशी घेऊन गेली. पावसाआधी मोरी मोकळी झाली.

दोन-तीन पावसाळ्यांनी वरच्या शेतांतला खार धुऊन काढला. पहिलं पीक म्हाताऱ्याच्या दाढीसारखं विरळ, पण ते आलं याचाच गावाला कोण आनंद. बांधालगतचा खालचा तुकडा मात्र परत आलाच नाही. एका संध्याकाळी ती त्याच्याकडे बघत बसली होती. "सासूनं मला ह्याच शेतात लावणी शिकवली..." एवढंच बोलली आणि डोळे पुसले. पुढच्याच महिन्यात तिथे तळं खणलं, जिताडा माशाची पिल्लं सोडली. "भात न्हाय तर न्हाय," म्हणाली, "भातावर घ्यायला तरी व्हईल."

गेल्या अमावास्येला मी मुद्दाम गावी राहिलो. भर दुपारी उधाणाची भरती होती. अशा वेळी मावशी कधी घरात थांबली नाही. काळे गमबूट चढवायची, बांधावर फिरायची आणि खेकड्यांनी पाडलेली बिळं टाचेने दाबून बुजवायची. एका बिळातनं पाणी झिरपलं की बांध फुटून खांड पडायला वेळ लागत नाही, म्हणायची. ते गमबूट पडवीत तसेच होते. सुधाकर त्यांत पाय कोंबत होता, बोटं आत मावत नव्हती. मी म्हटलं, "अरे, दुसरे आण की बाजारातून."

"आणीन," तो म्हणाला. "पाणी काय तवर थांबणाराय?"

लंगडतच तो बांधावर चढला. मी मागे गेलो. कांदळांच्या बुंध्यांपर्यंत खाडी फुगली होती, आणि अलीकडे भात वाऱ्यावर हलत होतं. एका बिळातून पाणी येत होतं. सुधाकरने वाकून चिखल भरला, टाचेने दाबला, थोडा वेळ बघत उभा राहिला, पुन्हा दाबला.

"झालं?" मी विचारलं.

"आजच्यापुरतं," तो म्हणाला आणि पुढचं बीळ शोधायला लागला.