खुंटेगाड आणि खुंटेउपाड

घोड्याच्या अंगावर भोवरे असतात आणि त्या भोवऱ्यांत मालकाचे भविष्य दडलेले असते, हे मला वयाच्या बाराव्या वर्षी, घर बदलण्याच्या ऐन धांदलीत कळले. तोवर आमच्या दोन्ही घोड्यांना मी वासाने, स्पर्शाने आणि वृत्तांनी ओळखत होते.

वृत्तांनी अशासाठी, की त्या वर्षी एक शास्त्रीबुवा मला कविता शिकवायला येत आणि लघुगुरूंचा ठेका दिवसभर माझ्या कानांत चालू असे. आमचा कुमैत घोडा वयाने पोक्त, भिजवलेल्या खारकेच्या रंगाचा. तो मंदाक्रांतेत चाले: आधी चार भारदस्त पावले, मग थोडी लगबग, मग पुन्हा आपला भारदस्तपणा. अबलख घोडी मात्र कोणत्याच वृत्तात बसत नसे. पांढऱ्या अंगावर दौत लवंडावी तसे तिचे काळे डाग, आणि यतिभंग हाच तिचा छंद. तिच्या आयाळीला उन्हाचा आणि तणसाचा वास येई. तिचा वरचा ओठ तळहातावरून फिरला, की जास्वंदीची ओली पाकळी आपल्या पायांनी चालू लागली आहे असे वाटे.

वडील वकील होते. आम्ही महाल नावाच्या जुन्या वस्तीत भाड्याच्या घरात राहत होतो. वडिलांच्या टांग्याला हे दोघे आलटून-पालटून जोडले जात. धरमपेठेत तेव्हा नवे प्लॉट पडत होते; तिकडे घरांपेक्षा आखणीच्या खुंट्याच अधिक दिसत. त्यांतल्या चार खुंट्यांच्या मधली काळी माती वडिलांनी घेतली आणि तिच्यावर घर बांधायला काढले. गवंड्याने हात बसावा म्हणून आधी तबेला बांधला. त्यामुळे माणसांच्या भिंती वाकड्या होत्या की नाही ठाऊक नाही, घोड्यांच्या मात्र निश्चित होत्या.

चैत्र संपता संपता, बांधाबांध करू लागायला म्हणून, वडिलांची थोरली बहीण आली. आम्ही तिला आत्याबाई म्हणत असू. आत्याबाईंच्या सासरी पूर्वी पागा होती. घोडे जाऊन दोन पिढ्या लोटल्या होत्या, पण पागेचे ज्ञान, वापरणारे कोणी न उरल्यामुळे, सबंधच्या सबंध आत्याबाईंकडे जमा झाले होते. आई लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधत होती. आत्याबाई तिच्याकडे न जाता सरळ घोड्यांकडे गेल्या, पदर खोचला आणि कुमैताचा पुढचा पाय, तांदूळ पारखावा तसा, निरखू लागल्या.

"हा खुंटेगाड," त्या म्हणाल्या. पायावरच्या भोवऱ्याचे केस खाली वळले होते. "टोक जमिनीकडं. असा घोडा दारी असला, की मालकाचा खुंटा पक्का गाडला जातो."

मग घोडीचा पाय. तिथला भोवरा वर वळलेला होता. आत्याबाईंनी हात असा मागे घेतला, जणू चुलीवरचा तवाच हाती आला.

"खुंटेउपाड! अरे, ही तुझ्या दारी आली कधी?"

"दोन वर्षं झाली, आक्का," वडील म्हणाले.

"आणि हे घर सोडायचं तुझ्या मनात कधी आलं?"

"तेही... दोन वर्षांपूर्वीच," वडील म्हणाले. बोलून चुकल्यावर त्यांनी ओठ चावला. असे उत्तर देऊ नये, म्हणून ते साक्षीदारांना दहा दहा वेळा बजावत असत.

आत्याबाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला. कुमैताला लगेच धरमपेठेत पाठवायचे, म्हणजे तो आमचा खुंटा तिथे गाडून ठेवील. घोडीने महालातच राहायचे. उपटायचे काम तिला उत्तम साधते, तर जुन्या घरातून आम्हांला तिने उपटावे. शेवटचे भांडे हलले, की तिला विकून टाकायचे. नव्या घरात तिचे पाऊल पडता कामा नये.

"आक्का, चार केसांवरून..."

"तू कोर्टातला शहाणा. घोड्यांतलं तुला काय कळतं?"

मी तबेल्यात गेले आणि घोडीच्या गळ्यात पडून पोटभर रडले. तिने शांतपणे माझ्या वेणीची रिबीन खाल्ली.

घोड्यांची निगा राखणारा आमचा सईस कुही गावाकडचा होता. खरारा करता करता त्याने विचारले, "काहून रडून राहिली वं बाई?"

"काका, हिला विकणार आहेत. कोण घेईल हिला?"

"घेईन ना टेसनावरचा एखादा टांगेवाला. थो कायले भोवरा पाहते? त्याच्यापाशी चाबूक असते, थो पाहून घोडं चालते." आपण सांत्वन करीत आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. माझे रडणे मात्र त्या वाक्याने जागीच गोठले. स्टेशनावरचे टांगे मी पाहिले होते. त्या घोड्यांच्या पाठीवर माशा बसत आणि ते शेपटीसुद्धा हलवीत नसत.

ठरल्याप्रमाणे कुमैत धरमपेठेत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोहे खात होतो, तेव्हा गल्लीत मंदाक्रांता ऐकू आली. चार भारदस्त पावले, मग लगबग. कुमैत दारात उभा होता. नव्या मातीतला खुंटा त्याने मुळासकट उपटला होता आणि मधल्या बर्डीच्या वस्तीवरून तीन मैल ओढत आणला होता. वाटेत त्या खुंट्यात कोणाचे तरी लुगडे अडकले होते आणि लुगड्यावर अर्धवट वाळलेल्या कुरडया होत्या. घोडी आपल्या खुंट्याशी मुनीसारखी उभी होती. तिने फक्त मान पुढे केली आणि एक कुरडई चाखली.

सईसाने लुगडे सोडवले. "आत्याबाई, खुंटेगाडानं त खुंटा उपाडून आनला! अन् खुंटेउपाड थे पाहा, जागची हालली नाही."

आत्याबाईंचा खोचलेला पदर सुटला. आयुष्यात प्रथमच, असे आई पुढे म्हणे.

"बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "यानं खुंटा इथं गाडलाय, म्हणून हा इथं आला."

"पण तिकडचा खुंटा उपटला कोणी?" वडिलांनी विचारले.

"हिनं! इथं उभं राहून. तीन मैलांवरून!"

वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली. बहिणीकडे पाहताना त्यांच्या डोळ्यांत चीड नव्हती, निखळ व्यावसायिक हेवा होता.

कुमैताला पुन्हा नेले आणि या वेळी दगडी खांबाला बांधले. त्याने दोन दिवस चंदीला तोंड लावले नाही. भिजवलेला हरभरा तोबऱ्यात आंबून गेला. इकडे घोडी दिवसभर पश्चिमेकडे तोंड करून हाका मारी. एखाद्या बेसूर गायिकेने तार सप्तक सोडूच नये तशी. शेजाऱ्यांनी निरोप पाठवला, की आपण कधी जाणार ते कळल्यास आनंद होईल. तिसऱ्या दिवशी कुमैताला परत आणावे लागले. एवढे मात्र सिद्ध झाले, की घोडीवाचून तो जाणार नाही. आणि तो गेला नाही तर, आत्याबाईंच्या मते, आमचा खुंटा धरमपेठेत रुजणार नाही. सामान अर्धे बांधलेले, अर्धे सुटलेले. चहाला कप सापडेना, म्हणून वडील तांब्याच्या फुलपात्रातून चहा पिऊन जीभ पोळून घेत.

"मंग उलटी न्या तिले," सईस हसत म्हणाला. "शेपटीकडून. उलटं चाललं त वरचे केस खाली नाही होनार?"

आई हसली. मी हसले. घोड्यांच्या बाबतीत विनोद असतो, हे आत्याबाईंना ठाऊकच नव्हते. त्या गंभीरपणे घोडीच्या पायाकडे पाहत राहिल्या. त्यांनी बोट वर धरले, मग ते उलटे करून खाली धरले.

"चालेल," त्या म्हणाल्या. "फाटकापासून खुंट्यापर्यंत उलटी. पण मध्ये एक पाऊल जरी पुढं टाकलं, तर तिथूनच बाजार."

हातात आठ दिवस होते. सईस आणि मी महालातल्या अंगणात तिला मागे चालणे शिकवू लागलो. सईस म्हणाला, गुळाने जगातली कोणतीही बाई मागे सरते. मी गूळ घेऊन तिच्या शेपटीशी उभी राहिले. गुळाच्या वासाने तिने तोंड वळवले, तोंडामागे मान वळली, मानेमागे सबंध घोडी वळली, आणि पाहतो तो ती सुलटीच! मग आम्ही तिला समोरून ढकलले. तिने सईसाच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. आठव्या दिवशी संध्याकाळी तिची मजल चार पावलांपर्यंत गेली होती. धरमपेठेतले फाटक ते खुंटा हे अंतर मी मोजले होते. माझी बत्तीस पावले.

प्रस्थानाच्या दिवशी सामान भरलेले बैलांचे खाचर पुढे गेले. नव्या तबेल्याला ओल्या चुन्याचा, कडवट, थंड वास येत होता. कुमैत आत जाऊन आपल्या खुंट्याशी उभा राहिला, कारण घोडी मागून येते आहे हे त्याने कानांनी हेरले होते. घोडीला फाटकात आणून फिरवले. तिचे तोंड रस्त्याकडे, शेपटी नव्या घराकडे. समोर पदर खोचून आत्याबाई.

"हट वं माय, मांगं, मांगं," सईस तिच्या कानाशी पुटपुटला.

एक पाऊल. दोन. तीन. चार. तिच्या सगळ्या शिक्षणाचा साठा तेवढ्यावर संपला. ती थांबली. रस्त्यापलीकडे हिरवे गवत होते. तिने पुढचा पाय उचलला, पुढे, गवताकडे. मी डोळे मिटून घेतले आणि पापण्यांआड मला स्टेशनावरचा तो न हलणारा शेपटीचा झुपका दिसला.

"आक्का, पाऊल टेकलेलं नाही!" वडील ओरडले. "हवेतलं पाऊल म्हणजे पाऊल नव्हे!"

"कळतं मला," आत्याबाई म्हणाल्या. "धरून ठेवा तिला. तिची दृष्ट काढायची राहिलीच की. दृष्ट न काढता जनावर आत कसं न्यायचं?"

त्यांनी गवंड्याच्या घमेल्यात निखारे मागवले. त्यांवर मीठ, मोहरी आणि मूठभर भिवापुरी मिरच्या टाकल्या आणि घमेले घेऊन त्या घोडीच्या तोंडापुढे आल्या. वारा त्यांच्या पाठीमागून होता. मिरचीचा धूर आधी निळा दिसला, मग पांढरा, आणि मग काहीच दिसेना.

घोडी फुरफुरली. हवेतले पाऊल खाली आले, पण मागे. आत्याबाई एक पाऊल पुढे सरकल्या, कारण घमेले तोंडावरून सात वेळा उतरवायचे असते. घोडी एक पाऊल मागे.

"उभी राहा गं!" आत्याबाई खोकत म्हणाल्या.

घोडी आणखी मागे.

"आत्याबाई, जरा थांबा ना," आई पदराने नाक दाबून म्हणाली.

"अर्धी दृष्ट सोडत नसतात!" आणि त्या पुढे. आणि घोडी मागे. सईस लगाम धरून रडत होता, वडील चष्मा पुसत होते, गवंडी शिंकत होता. मी पावले मोजत होते, आणि मोजता मोजता ती एका ठेक्यात पडू लागली आहेत हे माझ्या ध्यानात आले. जन्मात प्रथमच ती घोडी वृत्तात चालत होती. फक्त चरण शेवटाकडून सुरू होत होता. विसावे पाऊल, तिसावे, मग तबेल्याच्या दाराची सावली तिच्या पाठीवर चढली, आणि तिच्या ढुंगणाला कुमैताचे नाक लागले. ती थांबली. आत्याबाईंचा सातवा फेरा तिथे पुरा झाला.

निखारे बाहेर टाकले गेले. त्या दिवशी आमच्या कुटुंबाइतके अश्रू ढाळून धरमपेठेत कोणी गृहप्रवेश केला नसेल. आत्याबाई लालबुंद डोळ्यांनी आम्हां एकेकाकडे पाहू लागल्या.

"सगळ्यांना ठसका लागला?"

"लागला," आम्ही खोकत म्हणालो. दृष्ट लागलेली असेल तर मिरच्यांचा ठसका येत नाही, हे घरोघरी ठाऊक असते.

"म्हणजे हिच्यात वाईट काही नाहीच," त्या म्हणाल्या. मग वाकून त्यांनी घोडीचा पाय पाहिला. केस होते तसेच, वर वळलेले. "गाडला," त्या म्हणाल्या. सईसाकडे वळून, "बांध. आणि आधी चंदी हिला दे. दमली असेल."

एक अट मात्र त्यांनी घातली. घोडी फाटकातून बाहेर सुलटी जाईल, पण आत येताना दर वेळी उलटीच यावी, नाहीतर गाडलेला खुंटा सुटेल. आत्याबाई आपल्या गावी परतल्या तरी अट राहिली. मोडली असती तर त्यांना कळले असते. कसे ते विचारू नये. मिरच्यांची गरज चारच दिवस लागली. पुढे फाटक दिसताच घोडी आपणहून गिरकी घेई आणि टांग्यासकट मागे मागे आत येई.

दिवाळीनंतर एका न्यायाधीशांनी वडिलांना बंगल्यावर चहाला बोलावले. मी हट्टाने बरोबर गेले आणि पुढे सईसाशेजारी बसले. टांग्यात मागे बसणारा माणूस जन्मभर सोडून आलेला रस्ताच पाहत असतो. वडीलही तो पाहत बसले होते. बंगल्याचे फाटक आले. ते आमचे नव्हते, पण फाटक होते. घोडीने गिरकी घेतली.

"नाही वं माय, नाही!" सईस दातांतल्या दातांत म्हणाला. व्यर्थ. टांगा लाल मुरमाच्या वाटेवरून, गुलाबांच्या वाफ्यांमधून, उलटा, सावकाश, एकही पाऊल न चुकता पायऱ्यांकडे निघाला. आणि वडील दुसऱ्याच्या दारी प्रथमच, जिथे जायचे तिकडे तोंड करून पोचले. न्यायाधीश व्हरांड्यात उभे होते.

"हे काय, वकीलसाहेब?"

वडिलांनी टोपी सारखी केली आणि उतरून हात जोडले.

"आम्ही असेच येतो," ते म्हणाले.