तलावातून आलेला ओटीपी

बी.ए. झाल्यावर मला मिळालेलं पहिलं काम म्हणजे गावोगावी फिरून इंटरनेट कोणापर्यंत पोचलं, कोणापर्यंत नाही, याची नोंद करणं. आमच्या घरातला मी पहिलाच पदवीधर, त्यामुळे गळ्यातल्या ओळखपत्राला दिवसातून दहादा हात लावायचो.

आरमोरीकडच्या एका गावात तलावाकाठी मासेमारांची अकरा घरं होती. "घरी मोबाईल आहे का?" मी विचारायचो. बायका म्हणायच्या, "घरी नाई." मी अकराही घरांपुढे 'नाही' नोंदवलं.

शेवटच्या घरातली मुलगी माझ्या मागोमाग पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर आली. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस होता.

"दादा, तुमच्या फोनवर भरून द्या नं."

माझा कॉलेजचा अर्ज आमच्या गुरुजींनी त्यांच्या फोनवर भरून दिला होता. तिला नाही कसं म्हणणार? पाळीवर नेटवर्क होतं. अर्ज भरून झाला आणि ओटीपी तिच्या वडिलांच्या नंबरावर गेला.

"बाबा कुठे आहेत?"

तिने तलावाच्या मधोमध असलेला डोंगा दाखवला. "फोन बाबाच्याच गळ्यात आहे. मासे घेणारा तिथीच फोन करते, घरी ठेवून काय करतीन?"

म्हणजे फोन रोज वापरात होता. मी फक्त घरात शोधला होता.

वडिलांनी ओरडून आकडे सांगितले, पण वाऱ्यात नीट ऐकू येईनात. दोनदा चुकलं. आता एकच संधी उरली होती. मुलीचा चेहरा उतरला. मग एकदम ओरडली, "बाबा, काठीनं वाजवून सांग!"

मासे जाळ्याकडे हाकलायला डोंग्यावर काठी बडवतात, तशी ते बडवू लागले. चार ठोके. थांबले. सात ठोके. शून्याला काठी खाली ठेवून दोन्ही हात वर केले, तसा डोंगा डुलला.

पाळीखाली कपडे धुणारी बाई मला म्हणाली, "सायेब, कोनाले सांगू नोका म्हनते नं तो मेसेज? मंग तुमी कान झाका!"

सहावा आकडा मी टाकला. अर्ज स्वीकारला गेला. मुलगी ओढणी हलवत नाचायला लागली.

"अजून बडवू काय?" डोंग्यातून आवाज आला.

"पुरे, बाबा! झालं!"

मी पहिल्या घराकडे परत निघालो, नोंदी दुरुस्त करायला. मागे काठी वाजतच होती. त्या दिवशी जाळ्याबाहेर एकही मासा राहिला नसेल.