भोईरांच्या सहा खिडक्या

शत्रुघ्न भोईरांचं आचोळ्यात ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप आहे. खाडीकाठच्या शेतकरी घरातला माणूस, दहावीनंतर आयटीआय केलेला. बावीस वर्षं त्यांनी वसई-विरारच्या इमारतींना सरकत्या खिडक्या बसवल्या. नकाशा हातात घेऊन बोलायला लागले की बिल्डरसुद्धा ऐकून घ्यायचे. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवावा असं त्यांना कधी वाटलं नाही.

चंदनसारला आमच्या कंपनीचं नवं ऑफिस उभं राहत होतं. विम्याचे कागद तपासणारे आम्ही अठ्ठावीस जण. मालकांनी ठरवलं होतं, एसी लावायचा नाही. खिडक्याच अशा करायच्या की वारा खेळता राहील. आमचे मॅनेजर कल्पेश म्हात्रे यांनी ते काम भोईरांवर सोपवलं.

भोईर नकाशा दाखवायला आले तेव्हा रेजिना तुस्कानो मॅडम पुढे झाल्या. भुईगावच्या, आमच्यात सगळ्यांत जुन्या. चष्मा वर करून त्यांनी नकाशा नीट बघितला.

"भाऊ, सहाच्या सहा खिडक्या पश्चिमेलाच आहेत. वारा आत येईल हो, पण बाहेर कुठून जाणार? पॅसेजच्या भिंतीला वर झरोके ठेवा ना. आणि ह्या सरकत्या खिडक्या उघडल्या तरी अर्ध्याच उघडतात."

भोईर हसले. "मॅडम, तुम्ही फायली सांभाळा. वाऱ्याचं आम्ही बघतो."

सगळे हसले. मीही हसलो.

खिडक्या बसल्या. बाहेरून इमारत झकास दिसायची. मोठाल्या स्थिर काचा आणि त्यांच्या खाली सरकत्या झडपा. एप्रिल आला आणि आमचे हाल सुरू झाले. खिडकीला टेकून बसलेल्यांना थोडं बरं वाटायचं, पण आतल्या टेबलांवर कागद हलत नव्हता. दुपारी तीनला शर्ट पाठीला चिकटायचे. पंखे तीच गरम हवा फिरवायचे.

कल्पेशसरांनी भोईरांना बोलावलं. ते भर दुपारी आले, हॉलच्या मध्यभागी उभे राहिले, हात वर केला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "खिडक्यांत काही दोष नाही. ही कपाटं वारा अडवतायत. ती हलवा आधी."

त्या शनिवारी आम्ही अकरा लोखंडी कपाटं रिकामी केली आणि ओढत पलीकडे नेली. रेजिना मॅडमही ओढायला लागल्या, त्यांना कोणी थांबवलं नाही. शेवटचं कपाट घसरलं आणि त्यांचा उजवा हात भिंत आणि कपाटाच्या मध्ये सापडला. दोन बोटं मोडली.

सोमवारी त्या प्लॅस्टर घालून कामावर आल्या. हॉल होता तसाच तापलेला होता.

मंगळवारी भोईर आले ते जाहिरातीसाठी इमारतीचे फोटो काढायला. सहज वर डोकावले. रेजिना मॅडम डाव्या हाताने सही करत होत्या.

"काय झालं हाताला?" त्यांनी विचारलं.

"कपाट हलवताना लागलं," कल्पेशसर म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतं ना."

रेजिना मॅडमनी मान वर केली. आवाजात टोमणा नव्हता. "वारा काही आला नाही हो, भाऊ."

भोईर बाहेर गेले. मी मागोमाग गेलो तर ते जिन्याच्या पायरीवर बसलेले. मला म्हणाले, "पानी आहे का?" एरवी बिल्डर-आर्किटेक्टांमध्ये जपून बोलणारा माणूस. त्या दिवशी गावची बोली आपोआप तोंडात आली.

पुढचे आठ दिवस ते फिरकले नाहीत. फोनही उचलला नाही. त्यांनीच मला नंतर सांगितलं, की त्या दिवसांत चंदनसारला काम असलं तरी ते लांबच्या रस्त्याने जायचे, आमची इमारत दिसू नये म्हणून. जेवण जाईना. आईने, पुतळाबाईंनी, खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी अर्धंच सांगितलं. खोटं बोललो हे गाळलं. म्हातारीने एवढंच विचारलं, "तिला भेटलास का रं?"

नवव्या दिवशी ते आले. सगळे जागेवर होते. भोईर हॉलच्या मध्ये उभे राहिले.

"कपाटांचा काय दोष नव्हता. मी हात वर केला तेव्हाच कळलं होतं मला, वारा बाहेर जायला वाटच नाय. मॅडमनी ते नकाशावरच सांगितलेलं. माझी चूक दिसू नये म्हनून मी खोटं बोललो. त्यांचा हात माझ्यामुळं मोडला."

"जाऊ द्या हो" असंसुद्धा कोणी म्हटलं नाही. ते रेजिना मॅडमच्या टेबलाशी गेले.

"मॅडम, कसं करायचं ते सांगा."

"आज मला काम आहे," त्या म्हणाल्या. "उद्या या."

ते दुसऱ्या दिवशी आले. दोघांनी उदबत्त्या लावून सकाळ, दुपार, संध्याकाळ धूर कुठे वळतो ते पाहिलं. दुपारनंतर वारा तिरका येतो, नैर्ऋत्येकडून. म्हणून नव्या सहा खिडक्यांना सरकत्या झडपांऐवजी बाहेर उघडणारी दारं केली आणि बिजागऱ्या उत्तरेच्या कडेला ठेवल्या. उघडं दार वाऱ्याला अडवून आत वळवायचं. खालची चौकट बसलेल्या माणसाच्या छातीइतकी खाली आणली. पॅसेजच्या भिंतीला छताखाली झरोके पाडले. पॅसेजच्या टोकाला पूर्वेची जाळी होतीच, तिथून वारा बाहेर पडायचा. वर पावसासाठी छज्जे. स्थिर काचा उतरवताना भोईर स्वतः शिडीवर होते.

मे महिन्यात एका दुपारी आतल्या टेबलावरचा कागद उडाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. भोईरांनी हात वर करून थांबवलं. "टाळ्या नको. माझ्यासाठी तर नकोच."

रेजिना मॅडमची बोटं पुरती सरळ झाली नाहीत. डिसेंबरमध्ये त्या निवृत्त झाल्या. निरोपाला भोईर आले, दारापाशीच उभे राहिले आणि चहाही न घेता गेले.

मागच्या महिन्यात ते आमच्या घरी खिडकीचं माप घ्यायला आले होते. आमचं ऑफिस बघून आता पुष्कळ लोक तशाच खिडक्या मागतात, म्हणाले.

"परवा वसईत एकाने विचारलं, ही युक्ती कोणाची? मी गप्प बसलो. नुसती मान हलवली. त्याला वाटलं, माझीच." त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकली. "अर्ध्या रस्त्यातून गाडी वळवली. परत जाऊन त्याला सांगितलं, भुईगावच्या रेजिना तुस्कानोंची."

"मग? काय म्हणाला?"

"काय म्हणणार? म्हणाला, बरं, काम कधी सुरू करताय?"